अर्धी भाकरी इकडची, अर्धी तिकडची

आम्हा शहरातल्या माणसांच्या पाहुणचाराची तऱ्हा वाचकांना ठाऊकच आहे. पाहुणा यायचा म्हणजे आठ दिवस आधी फोन, मग बेत, मग बेतात बदल, आणि शेवटी "त्यांच्याकडे श्रीखंड होतं, तेव्हा आपल्याकडे निदान बासुंदी तरी हवी" असा घरच्या मंडळींचा ठराव. पाहुणा ओळखीचा असतो. मागच्या खेपेला त्याच्याकडे आपण काय जेवलो हे आपल्या लक्षात असतं, आणि पुढच्या खेपेला तो काय करील याचाही साधारण अंदाज असतो. एकूण सगळा जमाखर्चाचा मामला.

पण ज्याचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, जो उद्या पहाटे उठून चालू लागणार आणि उलट आपल्याला कधीही जेवायला बोलावणार नाही, अशा माणसानं आपल्याच उंबऱ्याच्या आत जेवावं म्हणून दोन घरं इरेला पेटलेली तुम्ही कधी पाहिली आहेत का? मी पाहिली. यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या ज्येष्ठात, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत पाहिली. आणि तीही हौसेनं फिरायला गेलो असताना नव्हे. एक निरोप पोचवायला गेलो असताना.

झालं असं, की आमचे अण्णा माघात गेले. बँकेतल्या नोकरीतून मोकळे झाल्यावर २००८ साली ते तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरीला चालत गेले आणि मग जातच राहिले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे पायी वारीच झाली नाही, पादुका एस.टी.च्या बसने पंढरपूरला नेल्या. ती दोन वर्षं सोडली तर २०२३ पर्यंत त्यांच्या चौदा वाऱ्या भरल्या. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी नाही म्हटलं.

त्यांच्या ट्रंकेत एक खिशात मावेल एवढी वही सापडली. मला वाटलं होतं, अभंग असतील, काही चिंतन असेल. उघडून पाहतो तो सगळा जेवणाचा हिशेब! "लोणी. पाऊस. खिचडी." "वरवंड. आमटी-भात. डास फार." अशी एकेका मुक्कामाची एकेक ओळ. यवतच्या मुक्कामाला मात्र चौदाही वर्षं तेच तीन शब्द : "यवत. पिठलं. पोटभर." आणि वारी चुकली त्या २०२४ सालच्या पानावर, जरा थरथरत्या अक्षरात : "यवत. दोन्ही घरांना कळवायचं राहिलं."

कुठली दोन घरं? काय कळवायचं राहिलं? घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असलंच तर एकाच माणसाला असणार, ती म्हणजे आमची आत्या. ती तीन वर्षं अण्णांबरोबर चालली होती. आत्या राहते शिरूरला. तेव्हा पालखी पुण्यातून हलायच्या सुमारास मी पिशवी भरली आणि शिरूरची एस.टी. पकडली.

नगर रस्त्याने जाताना कोरेगाव भीमा, शिक्रापूर, मग रांजणगाव लागतं. रांजणगावच्या महागणपतीला पूर्वी माळरानातून लांबूनच हात जोडता येत. आता औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांच्या मधून वाट काढावी लागते. शिरूर हे तालुक्याचं गाव घोड नदीच्या काठी आहे, आणि जुनी माणसं अजूनही गावाला नदीच्याच नावाने 'घोडनदी' म्हणतात. पूल ओलांडला की पलीकडे नगर जिल्हा, ज्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. एकेकाळी इथे इंग्रजांची छावणी होती. छावणीचा सेनापती कर्नल वॉलेस १८०९ साली इथेच वारला. त्याच्या थडग्याला गावची माणसं सुगीच्या दिवसांत धान्याचा नैवेद्य नेत आणि त्याला 'सत्पुरुष' म्हणत, अशी नोंद जुन्या पुणे गॅझेटियरात आहे. घ्या! परक्या मुलखातून आलेला, परक्या धर्माचा, वरून मेलेला, तरी त्यालासुद्धा उपाशी ठेवायला हे गाव तयार नाही. मग माझ्यासारख्या जित्या-जागत्या भाच्याचं काय होणार, हे मी ओळखायला हवं होतं.

आत्याकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चहा होतो न होतो तोच शेजारच्या काकू डोकावल्या. "पुण्याचे का भाचे? मासवडी टाकलीय, रस्सा पाठवते," म्हणून गेल्यासुद्धा. त्या गेल्या आणि समोरच्या घरातून एक मुलगी झाकलेलं पातेलं घेऊन आली. "आईनं सांगितलंय, मासवडी आमचीच खायची." पातेलं ठेवून ती वळते तोच मागच्या दारानं आणखी एक डबा आला. आत्यानं स्वतः केलेल्या मासवड्या चुलीपाशी वेगळ्याच!

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो : मासवडीत मासा नसतो. बेसनाचं पीठ तिखटमीठ घालून घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर ते पातळ थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं, आणि फडक्यासकट वळकटी करून दाबली, की तिला पोटाशी फुगीर माशासारखा आकार येतो. मग तिच्या वड्या कापायच्या. बरोबर काळ्या मसाल्याचा जाळ रस्सा आणि बाजरीची भाकरी. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पलीकडे पारनेर या पट्ट्यात पाहुण्याला मासवडी घातली नाही तर पाहुणचारच झाला नाही. तिची सगळी मेख वळकटीत आहे. पीठ जाड झालं तर सारण हरवतं, आणि पातळ झालं तर वडी रश्शात फुटते. वडी फुटली की करणारणीची अब्रू गेली.

चार घरच्या मासवड्या माझ्या ताटात एका ओळीत मांडल्या गेल्या, आणि चार घरच्या बायका कामाचं निमित्त काढून आत्याच्या ओसरीवर जमल्या. कुणी काही विचारीत नव्हतं. फक्त मी कुठल्या वडीकडे हात नेतो, यावर आठ डोळे लागले होते. मी परीक्षेला बसलोय की परीक्षक आहे, तेच कळेना. समोरच्या घरची वडी तोंडात घालून मी "वा!" म्हणून गेलो मात्र, शेजारच्या काकूंचा चेहरा असा काही उतरला की मला तो घास गिळवेना.

सगळ्या गेल्यावर आत्या म्हणाली, "बाळ, इथं कुणाचं चांगलं झालंय असं म्हणायचं नसतं."

"मग काय म्हणायचं?"

"काही म्हणायचं नाही. सगळ्यांचं अजून एकेकदा वाढून घ्यायचं. तुझ्या बापाला हे बरोबर कळत होतं. म्हणून तर यवतचं भांडण त्यानं इतकी वर्षं सांभाळलं."

असं करून त्या दोन घरांची हकिकत निघाली.

वारीत चालणाऱ्यांच्या दिंड्या असतात. काही पालखीच्या रथापुढे, काही रथामागे. त्यांना क्रमांक असतात, शिस्त असते, आणि पुष्कळ दिंड्यांची मुक्कामाची घरं पिढ्यान् पिढ्या ठरलेली असतात. आजोबांनी ज्या दिंडीला ओसरी दिली, तिलाच नातवानं द्यायची. अण्णांच्या दिंडीचं यवतचं घर असंच जुनं होतं. भला मोठा वाडा, पुढं अंगण, अंगणात कडुनिंब. पण २०११ साली त्या घरात भावाभावांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीचे पाळीचे दिवस ठरले. अंगणाच्या मधोमध कंबरेएवढी भिंत आली. वाटण्यांच्या कागदात एकच गोष्ट लिहायची राहिली, ती म्हणजे दिंडी कुणाची!

थोरला म्हणाला, वडिलांची दिंडी, थोरल्याच्या दारी. धाकटा म्हणाला, वडील शेवटी माझ्याकडे होते, दिंडी माझी. दोघंही म्हणत होते त्यात अर्थ होता, आणि म्हणूनच ते मिटण्यासारखं नव्हतं. भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आणि पुढच्या ज्येष्ठात पालखी आली तेव्हा दोन्ही दारांत रांगोळ्या, दोन्ही अंगणांत मांडव आणि दोन्ही चुलींवर कढया!

त्या वर्षी थोरल्याकडे पिठलं-भाकरीबरोबर ठेचा होता. पुढच्या वर्षी धाकट्यानं गुळाचा शिरा वाढला. त्याच्या पुढच्या वर्षी थोरल्याकडे पुरणपोळी आणि गुळवणी. त्याला उत्तर म्हणून धाकट्याकडे पुरणपोळी, गुळवणी, वर कुरडया आणि भजी. वारकऱ्यांची चंगळ झाली खरी, पण रात्री पुरण चापून पहाटे वरवंडच्या वाटेला लागणं म्हणजे काय, ते चालणाऱ्यालाच ठाऊक! निम्मी दिंडी वाटेत मागं पडली. तेव्हा अण्णांनी दोघा भावांना भिंतीच्या दोन बाजूंना उभं केलं आणि स्वतः भिंतीवर बसून सांगितलं, "यवत पिठल्याचं गाव आहे. दोन्हीकडे पिठलंच करा. निम्मे इकडे जेवतील, निम्मे तिकडे. पुढच्या वर्षी उलट. आणि मी अर्धी भाकरी इकडची खाईन, अर्धी तिकडची, इथंच भिंतीवर बसून."

"झालं," आत्या म्हणाली, "तेव्हापासून तसंच चाललं. पण गेल्या वर्षी दादा गेलाच नाही. आता तो गेला नाही हे कुणी सांगितलं असेल त्यांना? थोरल्याकडे वाटलं असेल, म्हातारा धाकट्याकडे बसून जेवला. धाकट्याला वाटलं असेल, थोरल्याकडे. गर्दीत कोण कुणाला बघतंय! दोन्ही घरांच्या मनात किंतु राहिला असणार. तेवढा तू काढून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावऱ्याच्या वाटेनं निघालो. पाऊस लवकर येऊन गेला होता, रानं हिरवी झाली होती. पारगावला भीमेचा पूल लागतो. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. पूल ओलांडला की उसाचं राज्य सुरू होतं आणि वाऱ्यावर गुऱ्हाळाचा काकवीचा वास येतो. पुढे केडगाव. इथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात आणि पुन्हा १९०० सालच्या दुष्काळात रमाबाईंनी लांबलांबच्या मुलखातून उपाशी मुली आणि बायका शेकड्यांनी इथे आणल्या, जगवल्या, लिहायला-वाचायला शिकवलं, हाताला काम दिलं. १९२२ साली त्या गेल्या, पण ती संस्था आजही उभी आहे. ओळखपाळख नसलेल्या माणसाला जेवू घालणं हे या माळाच्या अंगवळणीच पडलेलं दिसतं. चौफुल्याला गाडी बदलली आणि पुणे-सोलापूर रस्त्यानं उलटा यवतला आलो.

यवत हा पालखीचा दौंड तालुक्यातला पहिला मुक्काम. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला, असं मानतात. देहूहून निघालेली पालखी पुण्यात दोन रात्री विसावते, तिसरी रात्र लोणी काळभोरला, आणि तिथून दिवसभराची मोठी मजल मारून संध्याकाळी यवतला काळभैरवनाथाच्या देवळात उतरते. दक्षिणेला डोंगरावर भुलेश्वराचं देऊळ, खाली हे गाव. चालून चालून पायांचे तुकडे पडलेले असतात, आणि अशा वेळी समोर येते ती यवतकरांची पिठलं-भाकरी.

मी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, पण गाव पहाटेपासून जागं होतं. देवळाच्या आवारात भट्ट्या पेटल्या होत्या. माणूस आत बसून आंघोळ करील एवढाल्या कढया, त्यांत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, वाटलेली हिरवी मिरची. फोडणीचा असा ठसका उठला की साऱ्या आळीला एकदम शिंका आल्या. पाण्याला आधण आलं की गार पाण्यात कालवलेलं बेसन धारेनं सोडायचं आणि हातभर लांब लाकडी उलथन्यानं एकसारखं घोटायचं. हात थांबला की गुठळी झाली. घोटणारा दमला की न सांगता दुसरा पुढे होतो. भाकऱ्या मात्र देवळात होत नाहीत. त्या घरोघर होतात. प्रत्येक घर आपल्या ऐपतीप्रमाणे भाकऱ्या करतं, फडक्यात बांधून देवळात पोचवतं, आणि शिवाय आपल्या ओसरीवर उतरणाऱ्या दिंडीसाठी वेगळ्या ठेवतं. गावातून चाललो तर दोन्ही बाजूंनी नुसता भाकरी थापल्याचा आवाज. एका घरातला थांबला की शेजारच्या घरातल्याला जोर चढायचा!

"कुठं उतरलाय, माउली?" मला चार पावलांवर विचारलं गेलं. गळ्यात माळ नाही, खांद्यावर पताका नाही, तरी पायात वहाणा आणि हातात पिशवी एवढ्यावर मी माउली झालो होतो. "आमच्याकडं या की!" एकानं हात धरला. "आधी मी इचारलंय," दुसरा म्हणाला. कडुनिंबाचं अंगण सांगितल्यावर मात्र दोघांनी हात सोडला. तिथला पाहुणा पळवायचा नाही, हे गावात ठरलेलं असावं.

कंबरेएवढी भिंत. तिच्या वरच्या दोन विटा बसून बसून गुळगुळीत झालेल्या. आत्यानं सांगितल्याप्रमाणे मी कुणाला न विचारता त्या विटांवर जाऊन बसलो.

डावीकडच्या घरातून थोरल्या वहिनी आल्या. पिठाचे हात तसेच. उजवीकडून धाकट्या आल्या. दोघी आपापल्या हद्दीत उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. नाक आमचं घराण्याचं आहे. ओळख सांगावी लागली नाही.

"अण्णा माउलींचं का तुम्ही?" थोरल्यांनी विचारलं, आणि मी मान हलवताच लागलीच, "गेल्या साली आले न्हाईत इकडं. तिकडंच जेवून गेले म्हनं."

"तिकडं म्हंजी कुठं?" धाकट्या भिंतीला बोलल्यासारखं बोलल्या. "आमी रातीच्या बारापतूर ताट झाकून ठिवलं हुतं. आमाला वाटलं, मोठ्या घरी सोय झाली."

दोघा जावा दोन वर्षांत पहिल्यांदाच एकमेकींना ऐकू जाईल असं बोलल्या असाव्यात, कारण दोन्ही दारांतले पुरुष बाहेर आले.

मी घरून निघताना वाक्यं जुळवून आणली होती. ती सगळी विसरलो. म्हटलं, "गेल्या वर्षी अण्णा कुठंच आले नाहीत. गुडघे गेले होते. पालखी यवतला आली त्या रात्री त्यांनी घरी पिठलं करायला लावलं. अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट तसंच ठेवून बसून राहिले. आम्हाला वाटलं, चव लागली नाही. उरलेली अर्धी कशासाठी ठेवली, ते मला कालच कळलं. आणि यंदा माघात ते गेले."

कुणीच काही बोललं नाही. रस्त्यावर कर्णा चालू होता, पोरं धावत होती, पण त्या अंगणात पानसुद्धा हललं नाही. थोरल्या वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. धाकट्याही गेल्या. मला वाटलं, निरोप पोचला, आता उठावं. पण तेवढ्यात दोघीही बाहेर आल्या. दोघींच्या हातात ताटली. एकीत अर्धी बाजरीची, दुसरीत अर्धी ज्वारीची, दोन्हींवर पिठलं.

"त्यांना अशीच देत हुतो," थोरल्या म्हणाल्या.

भिंतीवर बसून मी जेवलो. इकडचं पिठलं जरा घट्ट, लसणीचं. तिकडचं सैल, मिरचीचं. चव सांगू नये, ही आत्याची ताकीद ध्यानात होती, म्हणून दोन्हीकडे पुन्हा मागून घेतलं.

संध्याकाळी टाळांचा आवाज ऐकू आला आणि मग कुणाला बोलायला उसंत राहिली नाही. वाटेत येऊन मिळालेली माणसं धरून दिंडी यंदा वाढली होती. दोन्ही अंगणांत पंगती बसल्या. वाढणारे पळताहेत, "घ्या माउली", "अजून एक, माउली", आणि मधूनच भिंतीपलीकडे नजर : त्यांच्या पंगतीत किती उठले, किती अजून मागताहेत? पाहुण्यानं जास्त खाल्लं की यजमानाची जीत, असा हा उलटा डाव.

तिसरी पंगत बसली आणि थोरल्यांची कढई तळाला लागली. पंगतीत चाळीस माणसं, आणि कढईत पाच जणांपुरतं! थोरल्या भावाचा चेहरा काळाठिक्कर पडला. दारी आलेला वारकरी कोरडी भाकरी खाऊन उठला, हा बोल त्या घराला जन्मभर पुरला असता. आणि भिंतीपलीकडच्या घराला डाव जिंकायला एवढंच हवं होतं.

धाकट्या वहिनींनी ते पाहिलं. त्या आपल्या नवऱ्याकडेही वळल्या नाहीत. भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, भिंतीवर माझ्या शेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, जरा पलीकडं द्या." मी पातेलं फिरवून पलीकडच्या कडेला सरकवलं. थोरल्या वहिनींनी ते उचललं. एक शब्दही झाला नाही. पंगतीला काही कळलंही नाही. फक्त घट्ट पिठल्याच्या जागी सैल पिठलं येऊ लागलं, एवढंच.

वाचकांना वाटेल, आता भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले असतील. तसं काही झालं नाही. भिंत जागच्या जागी आहे. पण गावाकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करीत नाहीत. ते पातेलं काही तरी घालून भिंतीपलीकडे जाणार, आणि मग तेही भांडं परत येणार. बोलाचाली व्हायला एवढं निमित्त पुरे आहे.

पहाटे निघताना थोरल्या वहिनींनी मला चुलीपाशी बोलावून हळूच विचारलं, "खरं सांगा, अण्णांना कुणाचं पिठलं आवडायचं?" अंगण ओलांडून निरोप घ्यायला गेलो तर धाकट्यांनीही तेच विचारलं, तितक्याच हळू. मी दोघींना वही दाखवली. चौदा वर्षांच्या चौदा ओळी : "यवत. पिठलं. पोटभर." घराचं नाव एकीतही नाही.

"लबाड हुता म्हातारा," धाकट्या म्हणाल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

मी दिंडीबरोबर वरवंडपर्यंत चाललो, दुसऱ्या दिवशी पाटसपर्यंत. पाटसहून पालखी सोलापूर रस्ता सोडून बारामतीकडे वळते आणि रोटी घाट चढते. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. चढणीला माणसांचा असा लोट उसळतो की घाटच वर सरकतोय असं वाटतं. घाटाचं नाव रोटी आहे, हे मला तिथं उभं राहिल्यावर उमगलं आणि हसू आलं. या तालुक्यात चढसुद्धा भाकरीचाच! पुढे पालखी उंडवडीला जाणार होती. अण्णा पुढे जात. मी मागे वळलो आणि दौंडला आलो.

दौंड हे रेल्वेनं वाढवलेलं गाव. इंग्रज त्याला 'धोंड' लिहीत. १८७८ साली इथून मनमाडपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि हे भीमेकाठचं गाव जंक्शन होऊन बसलं. एकीकडे सोलापूर, एकीकडे मनमाड, एकीकडे बारामती. सगळ्या दिशांची माणसं इथे उतरतात, गाडी बदलतात आणि निघून जातात. फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. बाकावर शेजारी एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं. माझ्याकडे पाहून त्यातल्या बाईंनी काही न विचारता एका कागदावर पोळी आणि चटणी ठेवून माझ्यापुढे केली. नको म्हणण्याची शहरी सवय ओठांवर आली होती. ती मी पोळीबरोबर गिळली.

गाडी यायला वेळ होता. अण्णांची वही काढली आणि त्यांच्या चौदा ओळींखाली माझ्या अक्षरात पंधरावी लिहिली. नवीन शब्द काही सुचला नाही, आणि लागलाही नाही.

घरी पोचून पाय धुतो न धुतो तोच शिरूरहून आत्याचा फोन. यवतची सगळी हकिकत तिनं ऐकून घेतली, पातेल्याशी आल्यावर "बरं झालं, बरं झालं" म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "ते राहू दे. त्या दिवशी चौघींतली मासवडी कुणाची चांगली होती? शेजारच्या काकू इथंच बसल्यात."

मी म्हटलं, "आत्या, त्यांना सांग, पोटभर झाली."